छोट्या सीएनसी राउटरला पाण्याने थंड होणारा स्पिंडल बसवताना

घरच्या खोलीत किंवा एखाद्या गाळ्याच्या कोपऱ्यात छोटे सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणारे यंत्र, चालवणारे बहुतेक जण सुरुवातीला सुतारकामातला ट्रिमरच (लाकडाच्या कडा कापायचे विजेचे हातयंत्र) कटर फिरवण्यासाठी मशीनवर बांधतात आणि वर्षभर त्यावर समाधानाने काम करतात. मग एखादे तीन-चार तासांचे कोरीवकाम हाती येते, ट्रिमर हाताला चटका बसेल इतका तापतो, त्याचे कार्बन ब्रश झिजतात, आणि त्याच्या किंचाळण्याने शेजाऱ्यांची दुपारची झोप मोडते. तेव्हा पाण्याने थंड होणाऱ्या स्पिंडलचा, म्हणजे कटर धरून फिरवणाऱ्या खास मोटरचा, विचार मनात येतो. आधी ठाण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये आणि नंतर वागळे इस्टेटमधल्या एका मित्राच्या गाळ्यात अशा दोन मशीनवर मी हा बदल केला आहे. त्या अनुभवावरून नवख्यांना माझे पहिले सांगणे असे, की या कामात पाणी, वीज आणि वजन या तिन्हींची व्यवस्था आधी लावावी आणि स्पिंडल सर्वांत शेवटी फिरवावा. हा क्रम उलटा झाला, तर नवा कोरा स्पिंडल पहिल्याच दिवशी जळू शकतो.

हा स्पिंडल म्हणजे ब्रश नसलेली तीन फेजची इंडक्शन मोटर असते. घरातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ आणि एक फेजची असल्यामुळे ती थेट देता येत नाही. मध्ये व्हीएफडी हे उपकरण लागते, जे एक फेजपासून तीन फेज तयार करते आणि वारंवारिता ४०० हर्ट्‌झपर्यंत नेते. मोटर दोन पोलची असल्यामुळे ४०० हर्ट्‌झला ती मिनिटाला साधारण २४,००० फेरे घेते. ट्रिमरमध्ये शाफ्टवरचा पंखाच मोटर थंड करतो, त्यामुळे वेग कमी केला की थंडावाही कमी होतो. पाण्याच्या स्पिंडलला पंखाच नसतो. वेग कोणताही असो, पाणी सारखेच वाहते. आवाज कमी होतो तो पंखा नसल्यामुळे. मात्र कटर लाकडात शिरल्यावर होणारा आवाज आणि भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमचा आवाज तसाच राहतो, हे शेजाऱ्यांना शब्द देण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

आधी मशीन तपासावे

ट्रिमरचे वजन दोन किलोच्या आत असते, तर २.२ किलोवॅटचा ८० मिमी व्यासाचा स्पिंडल पाच किलोच्या आसपास भरतो. त्यात जाड क्लॅम्प, पाण्याने भरलेल्या दोन नळ्या आणि वीजकेबल यांचे ओझे वेगळे. हे सारे वजन झेड अक्षाच्या (उभ्या हालचालीच्या) मोटरला दिवसभर वर-खाली न्यायचे असते. मशीन बंद केल्यावर झेड अक्ष आपोआप खाली घसरत असेल, तर नव्या वजनाने तो धाडकन खाली येईल आणि कटर कापायच्या तुकड्यात घुसेल. अशा मशीनला आधी झेडची मोटर मोठी करावी किंवा वजन तोलणारी स्प्रिंग लावावी.

फ्रेम किती ताठ आहे हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारे उपकरण) मशीनच्या बेडवर, म्हणजे तुकडा ठेवायच्या सपाट पाटावर, ठेवून त्याची सुई ट्रिमरच्या नटाला टेकवावी आणि प्रवासाची बॅग तोलण्याचा हातकाटा त्याच नटाला दोरीने बांधून पाच किलोचा ताण येईपर्यंत आडवा ओढावा. सुई किती हलली ते एक्स आणि वाय, म्हणजे डावी-उजवी आणि पुढे-मागे, अशा दोन्ही दिशांना मोजावे. दोन दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल, तर पैसे स्पिंडलवर न घालता रेल, बेअरिंग आणि गॅन्ट्रीच्या (स्पिंडल वाहून नेणाऱ्या आडव्या पुलाच्या) जोडांवर घालावेत, कारण अशा मशीनवर मोठा स्पिंडल फक्त जास्त जोराने थरथरेल. ३०१८ नावाने मिळणारी छोटी मशिने या बदलासाठी नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणता स्पिंडल घ्यावा

बाजारात सर्वसाधारणपणे तीन आकार दिसतात. ०.८ किलोवॅटचा ६५ मिमी व्यासाचा स्पिंडल ईआर ११ मापाचे कोलेट, म्हणजे कटर आवळून धरणारी चिरा असलेली नळी, घेतो आणि त्यात जास्तीत जास्त ७ मिमी शँकचा (दांड्याचा) कटर बसतो. १.५ किलोवॅटचे स्पिंडल ईआर ११ किंवा ईआर १६ अशा दोन्ही प्रकारांत येतात. ईआर १६ मध्ये १० मिमीपर्यंत शँक बसतो. २.२ किलोवॅटच्या ८० मिमी स्पिंडलला ईआर २० असते आणि त्यात १३ मिमीपर्यंतचे कटर चालतात. साग, एमडीएफ, प्लायवूड, ॲक्रिलिक आणि अधूनमधून ॲल्युमिनियम एवढेच काम असेल, तर ईआर १६ चा १.५ किलोवॅट स्पिंडल मला सर्वांत समतोल वाटतो. २.२ किलोवॅटचा मोह बहुतेकांना होतो, पण तो पूर्ण भाराला एक फेजवर चालताना विजेची ओढ १६ अँपिअरच्या वर जाऊ शकते, आणि जुन्या इमारतींतले वायरिंग त्यासाठी घातलेले नसते.

आणखी एक गोष्ट समजून घेतली की निवड सोपी होते. पाटीवरचे किलोवॅट हे २४,००० फेऱ्यांचे असतात. वेग खाली आणला की शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात खाली येते, म्हणजे २.२ किलोवॅटचा स्पिंडल ८,००० फेऱ्यांना पाऊण किलोवॅटच्याही किंचित खालीच काम देतो. त्यामुळे मोठा ड्रिल लावून सावकाश पोलाद कापण्याची अपेक्षा या यंत्राकडून ठेवू नये.

सुट्या सामानासाठी ठाणे-नवी मुंबईकरांना फार भटकावे लागत नाही. कोलेट, पाईपचे जोड आणि हार्डवेअर यांसाठी मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठावा. केबल, एमसीबी आणि विजेचे इतर सामान लोहार चाळीत मिळते. कनेक्टर, सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांसाठी ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड आहे. क्लॅम्प किंवा झेडची प्लेट मापाप्रमाणे कापून घ्यायची असेल, तर वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यात छोटी वर्कशॉप आहेत. तिथे जाताना कागदावर मापे लिहून न्यावीत.

खोके उघडल्यावर मल्टिमीटर हातात घ्यावा

स्पिंडल हातात आला की आधी शाफ्ट बोटांनी फिरवून पाहावा. तो एकसारखा, किंचित जड फिरला पाहिजे. खरखर किंवा अडखळ जाणवली तर तिथेच परत करावा. मग वरच्या चार पिनांच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावून तीन वाइंडिंगचा (मोटरच्या आतल्या तारांच्या वेटोळ्यांचा) रोध आपापसांत मोजावा. तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. प्रत्येक पिन आणि स्पिंडलचे धातूचे अंग यांच्यामध्ये मात्र जोड दिसता कामा नये.

याला अपवाद चौथ्या पिनेचा, आणि इथे मी थोडा थांबणार आहे. ही चौथी पिन अर्थिंगची असते असे सगळे गृहीत धरतात. माझ्या पहिल्या स्पिंडलच्या वेळी मीही तसेच धरले होते. मशीन चालू झाल्यावर क्लॅम्पचा स्क्रू आवळायला हात लावला, तर मनगटापर्यंत बारीक झिणझिण्या आल्या. वायर सैल असेल म्हणून सगळे टोक उलगडून पाहिले, शेवटी कनेक्टर उघडला, तेव्हा दिसले की चौथ्या पिनेला आतून काहीच जोडलेले नव्हते. ती नुसती शोभेला होती. स्वस्त स्पिंडलमध्ये हा दोष सर्रास आढळतो. म्हणून चौथी पिन आणि अंग यांच्यात मल्टिमीटरचा बीप वाजतो का ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. वाजत नसेल, तर वरची टोपी उघडून त्या पिनेपासून अंगापर्यंत वायर स्क्रूने पक्की करावी. ते जमत नसेल, तर क्लॅम्पपासून स्वतंत्र हिरवी वायर थेट अर्थिंगच्या पट्टीपर्यंत न्यावी. मात्र क्लॅम्पवर रंग किंवा ॲनोडायझिंग असेल तर ते त्या जागी खरवडून काढावे, कारण त्या थरातून वीज जात नाही.

बसवणे आणि काटकोन साधणे

क्लॅम्प स्पिंडलच्या मधल्या सरळ भागावर बसवावा. खालच्या बेअरिंगच्या नेमक्या जागेवर तो करकचून आवळला, तर बाहेरचे नळकांडे दबते आणि बेअरिंग गरम होऊ लागते. स्क्रू एकेक पूर्ण न आवळता आळीपाळीने, थोडे थोडे घट्ट करावेत, आणि आवळून झाल्यावर शाफ्ट पुन्हा बोटांनी फिरवून आधीइतकाच मोकळा आहे ना याची खात्री करावी.

नंतर स्पिंडल बेडशी काटकोनात आणावा लागतो. कोलेटमध्ये एक वाकवलेली सळई धरून तिच्या टोकाला डायल गेज बांधावा, शाफ्ट हाताने फिरवत गेजची सुई बेडवर ठेवलेल्या जाड काचेवर डाव्या, उजव्या, पुढच्या आणि मागच्या बाजूला टेकवावी आणि आकडे लिहून घ्यावेत. फरक दिसेल त्या बाजूला प्लेटखाली पातळ पत्र्याची चकती सरकवावी. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कात्रीने कापला तरी उत्तम काम देतो. २०० मिमीच्या वर्तुळावर ०.०५ मिमीपर्यंत फरक आला, की लाकूडकामाला तेवढे पुरे आहे. स्पिंडल ट्रिमरपेक्षा लांब असल्यामुळे झेडचा काही प्रवास कमी होतो. सॉफ्टवेअरमधली मर्यादा त्यानुसार बदलावी.

पाणी

या साऱ्या उद्योगात नवख्यांकडून सर्वांत कमी विचार पाण्याचा होतो, म्हणून त्याचे गणित इथे मांडतो. २.२ किलोवॅटचा स्पिंडल पूर्ण भाराने चालत असेल आणि त्यातला पाचवा हिस्सा उष्णतेत जात असेल, तर सुमारे ४०० वॅट उष्णता पाण्याला उचलावी लागते. २० लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ८४ किलोज्यूल लागतात; म्हणजे ४०० वॅटने साडेतीन मिनिटांत एक अंश, आणि तासाभरात सतरा अंश. छंदाच्या कामात भार याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही क्वचित असतो, म्हणून तासाला पाच-सहा अंशांची वाढ धरावी. मे महिन्यात ठाण्यात पाणी सुरुवातीलाच ३० अंशांच्या आसपास असते. ते ४० अंशांच्या खाली ठेवायचे ठरवले, तर २० लिटरची झाकणाची बादली दीड-दोन तासांच्या जॉबला सहज पुरते, आणि लांब कामांसाठी परतीच्या वाटेवर पंखा असलेला रेडिएटर जोडावा लागतो. तयार मिळणारे सीडब्ल्यू ३००० हे यंत्रही मुळात टाकी, पंप आणि पंख्याचा रेडिएटर एवढेच आहे. खोलीच्या तापमानाच्या खाली ते पाणी नेऊ शकत नाही. खऱ्या अर्थाने पाणी गार करणारे सीडब्ल्यू ५००० सारखे चिलर वेगळे असतात आणि आपल्या कामाला त्यांची गरज नसते.

गरज नसते एवढेच नव्हे, तर आपल्याकडच्या हवेत पाणी फार गार करणे घातक आहे. पहिल्या पावसाळ्यात मी बादलीत बर्फाच्या पिशव्या टाकल्या होत्या. अर्ध्या तासात स्पिंडलच्या अंगावर, गार पाण्याच्या तांब्यावर यावेत तसे थेंब जमले आणि ओघळून कोलेटच्या नटापर्यंत आले. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून गार झालेल्या कोणत्याही पृष्ठभागावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. आणि ती जशी बाहेर बसते तशीच आत वाइंडिंग आणि बेअरिंगवरही बसते. त्यामुळे पाणी खोलीच्या तापमानालाच ठेवावे आणि बर्फ कधीही घालू नये.

पंपाची निवड करताना खोक्यावरचा लिटरचा आकडा पाहून भुलू नये. किती उंचीपर्यंत पाणी चढते ते पाहावे. खोक्यावर दीड मीटर लिहिले असेल, तर त्या उंचीला प्रवाह शून्य असतो. बादली जमिनीवर आणि स्पिंडल सव्वा मीटरवर असेल, तर अडीच-तीन मीटर चढवणारा पंप घ्यावा. जोडणी झाल्यावर परतीच्या नळीचे टोक एक लिटरच्या बाटलीत धरून घड्याळ लावावे. मिनिटाला एक लिटर पाणी येत असेल, तर ४०० वॅट उष्णतेलाही स्पिंडलमधून जाताना पाणी जेमतेम सहा अंश तापेल, आणि तेवढा प्रवाह पुरेसा आहे.

परतीच्या नळीचे टोक पाण्यात बुडवून न ठेवता पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावे, म्हणजे पडणारी धार डोळ्यांना दिसते आणि तिचा आवाज कानावर राहतो. मशीन चालू असताना तो आवाज थांबला, की मान वळवायच्या आत हात आपोआप बंद करण्याच्या बटणाकडे जातो. अर्थात माणसाच्या कानावर सगळे सोपवू नये. परतीच्या नळीत एक फ्लो स्विच (पाणी वाहत असेपर्यंतच जोड ठेवणारा स्विच) घालावा आणि तो व्हीएफडीच्या चालू करण्याच्या आदेशाच्या वायरमध्ये एकसरीत जोडावा. पाणी थांबले की आदेश तुटतो आणि स्पिंडल थांबतो. गॅन्ट्रीबरोबर फिरताना नळी कुठे मुडपते का, हे मशीन चारही कोपऱ्यांत नेऊन आधीच पाहावे.

पाणी कोणते घालावे? नळाचे पाणी आठवडाभराच्या चाचणीला चालेल. नवी मुंबईत मोरबे धरणाचे पाणी येते तिथेही आणि इतरत्रही. पण बोअरवेलचे किंवा टँकरचे क्षारयुक्त पाणी अजिबात घालू नये, कारण त्याचे पांढरे थर स्पिंडलच्या अरुंद वाटेत बसतात आणि ते काढणे जवळपास अशक्य असते. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डीएम, म्हणजे क्षार काढलेले, पाणी आणि त्यात पाचास एक या प्रमाणात गाडीचा कूलंट हे मिश्रण मी वापरतो. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही; कूलंट घालायचा तो गंज आणि शेवाळ रोखण्यासाठी. त्याचा हिरवा रंगही उपयोगी पडतो, कारण कुठे थेंब गळला तर तो लगेच दिसतो. मात्र इथिलीन ग्लायकॉलचा कूलंट विषारी आणि चवीला गोड असतो, म्हणून घरात लहान मुले किंवा मांजर असेल तर बादलीला घट्ट झाकण हवेच. कूलंट न घालता साधे पाणी ठेवणाऱ्यांनाही झाकण तितकेच आवश्यक आहे: उघड्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठवडाभरात वाढतो, आणि पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरोघरी अशी भांडी तपासत असतात. बादली गडद रंगाची घ्यावी. पारदर्शक डब्यात उजेड शिरतो आणि शेवाळ धरते.

वीज

बादली कधीही व्हीएफडीच्या वर किंवा त्याच फळीवर ठेवू नये. पंपाच्या आणि स्पिंडलच्या प्रत्येक वायरला जमिनीच्या बाजूला एक खोलगट वळण द्यावे, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी त्या वळणाच्या तळाशी गळून पडते आणि सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. बुडणारा पंप २३० व्होल्टचा असेल, तर बादलीत हात घालण्यापूर्वी त्याचा प्लग काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

व्हीएफडीसाठी मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाईन परवानाधारक वायरमनकडून घालून घ्यावी. १.५ किलोवॅटसाठी २.५ चौरस मिमी आणि २.२ किलोवॅटसाठी ४ चौरस मिमी तांब्याची वायर, योग्य एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग एवढे त्यात हवे. व्हीएफडीच्या गळती प्रवाहामुळे घरातला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) कधीकधी पडतो. तेव्हा तो काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. पाणी आणि वीज एकत्र असलेल्या जागी तोच जीव वाचवतो. वायरमनला या लाईनसाठी व्हीएफडीला चालणारा वेगळा आरसीसीबी सुचवायला सांगावे.

आता टर्मिनल. वीज आत येते ती आर, एस, टी या टर्मिनलपैकी पुस्तिकेत सांगितलेल्या दोनवर, आणि स्पिंडलला जाते ती यू, व्ही, डब्ल्यू या तीनवरून. घरची वीज चुकून यू-व्ही-डब्ल्यूला दिली, तर व्हीएफडी त्या क्षणी निकामी होतो. स्पिंडलपर्यंतची केबल चार तारांची आणि जाळीचे आवरण असलेली घ्यावी, आणि ती जाळी व्हीएफडीच्या अर्थला जोडावी. ही केबल लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारा स्विच) आणि स्टेपर मोटर (अक्ष हलवणारी मोटर) यांच्या वायरींपासून किमान वीतभर दूर न्यावी, नाहीतर जॉबच्या मध्येच लिमिट लागल्याचा खोटा संदेश येऊन मशीन थांबते, किंवा संगणकाचा यूएसबी जोड तुटतो. व्हीएफडी आणि स्पिंडल यांच्यामध्ये कोणताही स्विच लावू नये, आणि चालू असताना कनेक्टर ओढू नये. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये भार टिकून असतो, त्यामुळे झाकण उघडण्यापूर्वी दहा मिनिटे थांबावे.

जोडणीइतकीच महत्त्वाची पायरी सेटिंगची, आणि सर्वाधिक स्पिंडल इथेच जळतात. अनेक व्हीएफडी कारखान्यातून ५० हर्ट्‌झच्या साध्या मोटरसाठी लावून येतात, म्हणजे ५० हर्ट्‌झला पूर्ण २२० व्होल्ट देतात. आपल्या स्पिंडलला मात्र २२० व्होल्ट ४०० हर्ट्‌झला हवे असतात आणि ५० हर्ट्‌झला फक्त २७.५ व्होल्ट. आठपट व्होल्टेज मिळालेली मोटर काही सेकंदांत गुणगुणते, तापते आणि वास येऊ लागतो. म्हणून स्पिंडलची वायर न जोडता आधी सेटिंग करावे. हुआनयांग कंपनीच्या व्हीएफडीवर प्रत्येक सेटिंगला पीडीने सुरू होणारा क्रमांक असतो; त्यातली पीडी ००५ ही कमाल वारंवारिता सर्वांत आधी ४०० करावी, कारण त्याशिवाय बाकीचे आकडे तो स्वीकारत नाही. मग पीडी ००४ (मूळ वारंवारिता) आणि पीडी ००३ (चालवायची वारंवारिता) ४०० करावे, पीडी ००८ (कमाल व्होल्टेज) आणि पीडी १४१ (मोटरचे व्होल्टेज) यांमध्ये २२०, पीडी १४२ मध्ये स्पिंडलच्या पाटीवरचा प्रवाह, पीडी १४३ मध्ये २ पोल आणि पीडी १४४ मध्ये मिनिटाचे फेरे म्हणून ३००० भरावे. हे ३००० पाहून अनेक जण गोंधळतात. तो आकडा ५० हर्ट्‌झच्या हिशेबाचा असतो आणि त्यामुळेच ४०० हर्ट्‌झला पडद्यावर २४,००० दिसतात. पीडी ०११ ही खालची मर्यादा १२० ठेवावी, म्हणजे स्पिंडल ७,२०० फेऱ्यांच्या खाली रेंगाळणार नाही. थांबण्याचा वेळ, म्हणजे पीडी ०१५, आठ-दहा सेकंद द्यावा. फार कमी दिला तर फिरत्या शाफ्टची ऊर्जा उलटी येऊन व्हीएफडी जास्त व्होल्टेजची चूक दाखवतो. दुसऱ्या बनावटीचा व्हीएफडी असेल तर क्रमांक वेगळे असतील, पण विचारायच्या गोष्टी याच.

पहिले काही दिवस व्हीएफडी त्याच्या स्वतःच्या बटणांवरच चालवावा, म्हणजे स्पिंडल आणि पाणी यांची सवय होते. फक्त या काळात आदेशाची वायर वापरात नसल्याने फ्लो स्विच स्पिंडल थांबवू शकत नाही, म्हणून जवळ उभे राहावे. नंतर पीडी ००१ (चालू-बंदचा आदेश कुठून) आणि पीडी ००२ (वेगाचा आदेश कुठून) दोन्ही १ करून नियंत्रण मशीनच्या कार्डाकडे द्यावे. मशीन चालवणारे जीआरबीएल हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी त्याच्या $३० या सेटिंगमध्ये २४००० भरावे आणि स्पिंडल सुरू करण्याच्या ओळीनंतर दहा सेकंदांचा थांबा घालावा, नाहीतर कटर पूर्ण वेगात येण्याआधीच लाकडात उतरतो.

पहिली फेरी

कटर, कोलेट आणि नट काढून ठेवावेत. पंप सुरू करावा, नळीतले सगळे बुडबुडे निघून धार एकसंध होईपर्यंत थांबावे, आणि मगच १२० हर्ट्‌झवर स्पिंडल काही सेकंद फिरवून बंद करावा. वरून पाहिले असता तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरला पाहिजे. उलटा फिरत असेल, तर वीज बंद करून, दहा मिनिटे थांबून, यू-व्ही-डब्ल्यूपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करावी. उलट्या दिशेने कटर कापत नाही, तो नुसता घासतो आणि लाकूड जाळतो.

दिशा बरोबर असली, तर १२० हर्ट्‌झवर दहा मिनिटे चालवावे, मग २००, ३०० आणि शेवटी ४०० वर तेवढाच वेळ. यामुळे बेअरिंगमधले ग्रीस सर्वत्र सारखे पसरते. दर टप्प्याला खालच्या बेअरिंगच्या जागी अंगावर तळहात ठेवून पाहावा. कोमट लागले तर ठीक, हात ठेववत नसेल तर थांबून पाण्याचा प्रवाह आणि क्लॅम्पचा दाब पुन्हा तपासावा. थंड हवामानाचा ऋतू असो वा नसो, रोजच्या कामाआधीही कमी वेगावर दोन-तीन मिनिटे द्यावीत.

कटर बसवताना कोलेट आधी नटात तिरके धरून खटकन बसेपर्यंत दाबावे आणि मग नट स्पिंडलवर चढवावा. सुटे कोलेट टेपरमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या निमुळत्या भोकात, टाकून वरून नट आवळणाऱ्यांचे कटर थरथरतात आणि नंतर कोलेट आत अडकून बसते. शँक आणि कोलेट यांचे माप एकच असावे; ३.१७५ मिमी शँकसाठी त्याच मापाचे कोलेट आणावे.

पहिल्या कापाला सरावाचा प्लायवूडचा तुकडा घ्यावा. सरकण्याचा वेग काढण्यासाठी फेरे, कटरच्या धारा आणि एका धारेने काढायची जाडी यांचा गुणाकार करावा: १८,००० फेरे, दोन धारा आणि ०.०५ मिमी धरले तर मिनिटाला १,८०० मिमी. ट्रिमरच्या सवयीने मिनिटाला ५००-६०० मिमी ठेवले, तर नवा स्पिंडल लाकडाचे पीठ करतो, कटर तापतो आणि कड काळी पडते. भुसा बोटांत धरून पाहावा: त्यात बारीक कपचे दिसले पाहिजेत, टाल्कम पावडरीसारखा लागला तर सरकण्याचा वेग वाढवावा किंवा फेरे कमी करावेत.

रोजची आणि मोसमी निगा

काम संपल्यावर पंप आणखी पाच मिनिटे चालू ठेवावा. वीज गेली तर परत आल्यावर स्पिंडल आपोआप सुरू होणार नाही, असे सेटिंग व्हीएफडीत आहे का ते एकदा पाहून घ्यावे. व्हीएफडीच्या पंख्यावर एमडीएफची भुकटी जमते, ती महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडावी. ॲल्युमिनियम कापणाऱ्यांनी तर व्हीएफडी वेगळ्या पेटीतच ठेवावा, कारण त्याचे कण वीज वाहून नेतात. नळ्यांचे जोड दर आठवड्याला कोरड्या कागदी रुमालाने पुसून पाहावेत. हिरवा डाग आला की जोड आवळणारी पट्टी बदलावी. पाणी सहा महिन्यांनी बदलावे.

गणपतीला गावी जाताना मशीन आठ-दहा दिवस बंद राहणार असेल, तर बादली रिकामी करून उलटी ठेवावी, नळीचे एक टोक सोडवून दुसऱ्या टोकाने फुंकर मारून स्पिंडलमधले पाणी काढावे, आणि कोलेट व नट काढून टेपरच्या आतून मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवावा, कारण भाद्रपदातल्या आपल्या दमट हवेत तेवढ्या दिवसांतही टेपरवर गंजाचे तपकिरी ठिपके दिसू लागतात.